अज्ञातकुलशीलाचे दत्तकविधान

मराठीत अलीकडे जे शब्द फार स्वस्त झाले आहेत, त्यांत 'दत्तक' हा शब्द बराच वर आहे. आम्हां प्राध्यापकमंडळींना याचा अनुभव दरवर्षी येतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक एखादे गाव 'दत्तक' घेते. सात दिवसांचे हिवाळी शिबिर होते, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला जातो, समारोपाला सरपंचांना शाल-श्रीफळ दिले जाते आणि अहवालास जोडावयाची छायाचित्रे घेऊन गाडी परत फिरते. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो. दत्तकविधानाचेही तेच होते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील वाघ वर्षभराच्या खर्चाच्या बोलीवर दत्तक घेता येतो. झाडे दत्तक जातात, चौक दत्तक जातात, पुतळ्याभोवतीची हिरवळ एखादी पतपेढी दत्तक घेते आणि तीवर आपली पाटी लावते. या व्यवहारांत देणगी असते, जाहिरात असते, क्वचित कळकळही असते. दत्तक मात्र नसते.

या गर्दीत आणखी एक प्रयोग रूढ झाला आहे : प्राण्यांच्या निवाऱ्यातून मांजर 'दत्तक' घेणे. आमच्या परिचयातील भाषाप्रेमी मंडळी याला हसतात. "मांजर पाळतात, दत्तक घेतात ते मूल," असा त्यांचा आक्षेप असतो आणि इंग्रजीच्या आंधळ्या अनुवादाचे उदाहरण म्हणून ते हा प्रयोग पुढे करतात. आम्हांस येथे नेमके उलट मांडावयाचे आहे. 'दत्तक'च्या साऱ्या नव्या वापरांत हा एकच वापर शब्दाच्या मूळ अर्थाशी इमान राखू शकतो, असे आमचे मत आहे. अडचण एवढीच, की तो शब्द उच्चारणारे पुष्कळ जण त्याचा अर्थ पाळण्यास तयार नसतात.

हा अर्थ काय आहे ते आधी पाहू. दत्तक या शब्दाशी महाराष्ट्राच्या इतिहासाची नाळ जुळलेली आहे. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले ते दत्तक नामंजूर होऊन. पुढे झाशीचेही तसेच झाले. उलट कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा १८७५ साली बडोद्यास दत्तक गेला आणि सयाजीराव झाला; कागलच्या घाटग्यांचा मुलगा १८८४ साली कोल्हापुरास दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. एका विधीने माणसाचे घर, नाव, भवितव्य, सगळे बदलत असे. म्हणून या विधीला धर्मशास्त्रात आणि पुढे कायद्यातही काही अटी आल्या. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ सालचा. त्यात दत्तहोम आवश्यक मानलेला नाही, पण प्रत्यक्ष देणे आणि घेणे मात्र अनिवार्य ठरविले आहे. त्याच अधिनियमाचे पंधरावे कलम असे सांगते, की विधिवत झालेले दत्तकविधान घेणाऱ्यास रद्द करता येत नाही.

या दोन अटींतच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. 'दत्त' म्हणजे दिलेले. पाळण्याच्या व्यवहाराला देणारा लागत नाही. मांजर दारात येते, त्याला भाकर घातली जाते, ते राहते. दत्तकाला मात्र देणारा लागतो, आणि ज्याला देण्याचा अधिकार आहे त्याला विचारण्याचाही अधिकार आहे. दुसरी अट त्याहून कठीण आहे : एकदा घेतले की परत नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही पुण्यातील एका निवाऱ्यातून तीन वर्षांची एक मांजरी आणली. करड्या पट्ट्यांची, डाव्या कानाचे टोक छाटलेली. निर्बीजीकरण झाल्याची ती खूण. देण्यापूर्वी आमच्यापुढे चार पानांचा अर्ज आला. घर स्वतःचे की भाड्याचे? घरात कोण कोण, आणि सर्वांची संमती आहे काय? खिडक्यांना जाळी आहे काय? दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेल्यावर मांजर कोणाकडे राहील? बदली झाल्यास काय कराल? आजारपणाचा खर्च पेलेल काय? शेवटी एक अट होती : काही कारणाने सांभाळणे अशक्यच झाले तर मांजर दुसऱ्या कोणास न देता निवाऱ्याकडेच आणावे. नंतर एक कार्यकर्ती घर पाहून गेली. हे ऐकून आमचे एक सहकारी म्हणाले, "आमच्या मुलीचे लग्न जमवताना एवढी चौकशी आम्ही केली नव्हती." विनोद म्हणून हे वाक्य चांगले आहे, पण चूक मुलीच्या लग्नात झाली, मांजराच्या अर्जात नव्हे, असे आम्हांस वाटते.

हे प्रश्न अनेकांना अपमानास्पद वाटतात. 'रस्त्यावरचे मांजर आम्ही घरात घेतो आहोत, तर आभार मानायचे सोडून चौकशा कसल्या करता?' हा त्यांचा सूर असतो. या सुरामागे एक जुनी समजूत आहे : ज्याला कूळ नाही त्याला मागण्याचा हक्क नाही. हितोपदेशातील जरद्गव गिधाडाची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. भागीरथीच्या तीरावरील झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या त्या आंधळ्या, म्हाताऱ्या गिधाडाकडे दीर्घकर्ण नावाचे मांजर येते, चांद्रायणव्रताच्या गोष्टी सांगून आश्रय मिळविते, पक्ष्यांची पिले खाऊन हाडे ढोलीत टाकते आणि निघून जाते. पक्षी त्या बिचाऱ्या गिधाडालाच मारतात. कथेचे तात्पर्य असे, की ज्याचे कूळ नि शील ठाऊक नाही त्याला घरात थारा देऊ नये. अज्ञातकुलशील हा सामासिक शब्द आपल्या मनात रुजला तो अशा कथांतून. आणि कथाकाराने त्यासाठी प्राणी निवडला तो नेमका मांजर!

परंतु आपल्याच परंपरेत याच्या उलट साक्ष देणारी एक मोठी कथा आहे. नदीत पेटीतून वाहत आलेले मूल अधिरथ आणि राधा यांनी उचलले, तेव्हा त्यांनी कूळ विचारले नाही. कूळ विचारले ते पुढे भर रंगभूमीवर कृपाचार्यांनी. आणि उद्योगपर्वात कृष्णाने खरे कूळ सांगून राज्य देऊ केले, तेव्हा कर्णाने राधेचे नाते सोडण्यास नकार दिला. दत्तकाची थोरवी सांगण्यास याहून समर्थ प्रसंग आम्हांस आठवत नाही. निवाऱ्यातले मांजर असेच अज्ञातकुलशील असते. त्याची आई कोण, त्याला कोणी टाकले, त्याने काय सोसले, यांतले काहीच नोंदवहीत नसते. असते ती सापडल्याची तारीख, लसीची तारीख आणि शस्त्रक्रियेची तारीख. तेवढ्यावर त्याला घरात घ्यावयाचे असते.

येथे आपल्या संस्कृतीतील एका सोयीस्कर फटीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मांजर मारणे हे आपल्याकडे मोठे पाप मानले जाते. धर्मशास्त्रात मार्जारवधाला प्रायश्चित्त सांगितलेले आहे. काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत तर घराघरांत होती. या धाकाने असंख्य मांजरे वाचली असतील, हे आम्ही नाकारीत नाही. पण मांजर सोडण्याला पाप नव्हते. नको झालेली पिले पोत्यात घालावीत, पोत्याचे तोंड बांधावे, सायकलच्या कॅरिअरला लावून नदीपलीकडे, मंडईत किंवा देवळाच्या आवारात सोडून यावीत, ही पद्धत चांगल्या, देवभोळ्या, मुंगीला साखर घालणाऱ्या घरांतही निर्वेधपणे चालत आली. पिले पुढे उपाशी मेली, गाडीखाली सापडली, कुत्र्यांनी फाडली, तरी ते पाप कोणाच्याच खात्यावर मांडले गेले नाही.

कायदाही या बाबतीत परंपरेचाच भाऊ निघाला. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या ३२५व्या कलमाखाली प्राण्याला ठार मारणे वा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. प्राण्याला उपासमार वा तहान भोगावी लागेल अशा स्थितीत वाऱ्यावर सोडून देणे हादेखील गुन्हाच आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमात तो स्पष्ट सांगितला आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चिकाटीने पाठपुरावा केल्यामुळे तो कायदा झाला. त्या काळी पन्नास रुपयांना काही वजन होते. आज तेवढ्यात मांजराचे एका दिवसाचे खाणेही जेमतेम येते. मारण्याला तुरुंग आणि सोडण्याला चिल्लर, असा हा हिशेब आहे. या फटीतूनच निवारे भरतात.

निवारा ही संस्था आपल्याला अगदीच परकी नाही. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यानंतर दोन वर्षांनी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने तेथील पांजरपोळ उभी राहिली. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयही एकोणिसाव्या शतकातले. पण पांजरपोळ आणि आजचा निवारा यांत एक मूलभूत भेद आहे. पांजरपोळ जनावराला ठेवून घेते, मरेपर्यंत. निवाऱ्याला ते द्यावयाचे असते. मांजराची मादी सहा महिन्यांच्या आसपास वयात येते, नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षात तिची दोन-तीन वेते सहज होतात. एवढ्या जिवांना कोणतीही संस्था कायमची ठेवू शकत नाही. दिल्याशिवाय नवे घेता येत नाही. आणि दिलेले परत आले की एक पिंजरा पुन्हा अडतो.

परत का येतात? निवाऱ्यांत काम करणाऱ्यांकडून आम्ही जी कारणे वारंवार ऐकली, त्यांतले पहिले म्हणजे घरातील सुनेला किंवा मुलीला दिवस राहणे. घरातले ज्येष्ठ घाबरतात, एखादे डॉक्टरही सहज सांगून टाकतात, आणि मांजर दुसऱ्या दिवशी टोपलीत बसते. भीतीचे मूळ टॉक्सोप्लाज्मा या परजीवीत आहे आणि ती निराधार नाही. पण तिचे माप चुकलेले आहे. मांजराला प्रथम लागण झाल्यानंतर साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून हा परजीवी बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणजे मांजराच्या मातीचे भांडे घरातील दुसऱ्या कोणी रोज साफ केले, तर धोका फार थोडा उरतो. कच्चे राहिलेले मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हाच संसर्ग होतो. म्हणून कोणी भाजी घरातून हद्दपार करीत नाही.

दुसरे कारण गृहनिर्माण संस्था. प्राणी पाळण्यावर संस्थेने सरसकट बंदी घालता कामा नये, सर्वसाधारण सभेत बहुमत झाले तरीही नाही, अशा मार्गदर्शक सूचना भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच काढल्या आहेत. तरी सचिवांची एक चिठ्ठी आली की माणसे मांजर परत नेतात. आपले मूल जिन्यात खेळते म्हणून आलेली तक्रार आपण इतक्या तत्परतेने मानतो काय?

तिसरे कारण उघडपणे कोणी सांगत नाही, ते स्वयंपाकघरातले. आपल्याकडे मांजराचा आहार म्हणजे दूधभात, हे बालगीतांपासून ठरून गेलेले आहे. वस्तुस्थिती अशी, की बहुतेक प्रौढ मांजरांना दूध नीट पचत नाही आणि भातावर मांजर जगत नाही. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही. निसर्गात ते मांसातूनच मिळते, आणि त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदा नि हृदयाचे स्नायू निकामी होतात. म्हणून ज्या घरात मासळीची वा मांसाची वाटी, निदान तयार खाद्याची पिशवी चालणार नाही, त्या घराने मांजर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या शाकाहारी मित्रांना हे रुचत नाही. त्यांच्या अहिंसेविषयी आम्हांस आदर आहे. पण आपल्या व्रताचे उपवास दुसऱ्याच्या पोटी घालणे ही अहिंसा होत नाही.

जाळीच्या अटीवरही पुष्कळ कुरकुर होते. 'मांजर कुठूनही पडले तरी चार पायांवर उभे राहते,' हे वाक्य आम्ही चौथ्या मजल्यावरच्या माणसांकडून ऐकले आहे. न्यू यॉर्कच्या पशुवैद्यांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांतील सुमारे नव्वद टक्के वाचली, असा दाखलाही दिला जातो. पण तो अभ्यास रुग्णालयात आणलेल्या मांजरांचा होता. जी फरशीवरच संपली ती मोजली गेली नाहीत, आणि जी वाचली त्यांतील अनेकांची छाती, जबडा वा पाय मोडलेले होते. जाळी लावण्याचा खर्च पिंजऱ्यातून मांजर उचलण्यापूर्वी करावयाचा असतो, हे निवाऱ्यांचे म्हणणे आम्हांस पूर्ण मान्य आहे.

निवाऱ्यांची बाजू घेताना त्यांच्या दोषांकडे डोळेझाक करण्याचा आमचा हेतू नाही. काही ठिकाणी भाड्याने राहणारे, अविवाहित तरुण, एकटी राहणारी स्त्री यांचे अर्ज केवळ त्या एका कारणाने बाजूला ठेवले जातात, हे आम्ही पाहिले आहे. हा अन्याय आहे, आणि तो मांजरावरही आहे. प्रश्न आचरणाविषयी असावेत : जाळी आहे काय, पशुवैद्य माहीत आहे काय, गावी गेल्यावर काय. लग्न झाले आहे की नाही, घर कोणाच्या नावावर आहे, यांवरून माणसाचे शील ठरत नाही. कृपाचार्यांनी विचारलेला प्रश्न मांजराला विचारावयाचा नसेल, तर तो घेणाऱ्यालाही विचारू नये. घरमालकाची लेखी संमती मागा; भाडेकरूपण हा दोष मानू नका.

आता निवडीविषयी. निवाऱ्यात येणारा प्रत्येक जण पिलू मागतो, शक्यतो पांढरे वा सोनेरी. काळी मांजरे मागे राहतात, कारण आडवे गेलेले मांजर आपण अजून ओलांडलेले नाही. एका डोळ्याची मागे राहतात. आणि वय वाढलेली तर सर्वांत मागे. यात सौंदर्यदृष्टीपेक्षा एक गैरसमज अधिक आहे, की पिलू लळा लावते आणि मोठे मांजर लावत नाही. खरे पाहता पिलाचा स्वभाव कोणालाच ठाऊक नसतो. तीन-चार वर्षांच्या मांजराचा स्वभाव निवाऱ्यातील प्रत्येकाला पाठ असतो. नीट सांभाळलेले घरातले मांजर पंधरा वर्षे जगते. ज्यांचे वय साठीपुढे आहे, किंवा ज्यांची मुले लवकरच परदेशी जाणार आहेत, त्यांनी एवढ्या मुदतीचे वचन देण्यापेक्षा आठ वर्षांचे मांजर घेणे अधिक प्रामाणिक होईल. आमच्या मांजरीने पहिले अकरा दिवस पलंगाखालून तोंड बाहेर काढले नव्हते. या काळात तिने आम्हांस काही देऊ केले नाही, आणि देणे तिच्याकडे लागतही नव्हते. जुन्या दत्तकाकडून वारसा चालविण्याची नि पिंडदानाची अपेक्षा असे. मांजराकडून तीही नाही. म्हणूनच आम्ही प्रारंभी म्हटले, की हा वापर मूळ अर्थाशी इमान राखू शकतो; येथे घेणाऱ्याच्या पदरात वचनाखेरीज काही पडत नाही.

रामानुजांच्या परंपरेत शरणागतीविषयी दोन न्याय सांगितले जातात. माकडीचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, तो मर्कटकिशोरन्याय. वडकलै पंथाला तो मान्य. मांजरी मात्र पिलाला मानगुटीला धरून स्वतः उचलून नेते, पिलू अंग सैल सोडून निमूट लोंबकळते, तो मार्जारकिशोरन्याय. तो तेंकलै पंथाचा. भक्तीचा निवाडा आम्ही करू शकत नाही. दत्तकाचा मात्र मार्जारकिशोरन्यायच आहे. निवाऱ्यातल्या मांजराने आपल्याला धरलेले नसते. त्याला आपण उचललेले असते. पकड सुटली तर तो दोष उचलणाऱ्याचा.

ज्यांना एवढे वचन देणे आज शक्य नाही त्यांनी संकोच बाळगू नये. त्यांनी निवाऱ्याला खाद्याच्या पिशव्या द्याव्यात, एखाद्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलावा, रविवारी जाऊन पिंजरे धुवावेत. त्या कामाला देणगी आणि सेवा हे दोन चांगले शब्द आपल्या भाषेत आहेत. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी निवाऱ्यात गेल्यावर एकच प्रश्न प्रथम विचारावा : येथे सर्वांत अधिक दिवस कोण राहिले आहे? ज्या मांजराकडे बोट दाखविले जाईल त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे, अर्ज नीट भरावा, खिडक्यांना जाळी बसवून घ्यावी आणि मग त्याला घरी आणावे. या व्यवहाराला कोणी दत्तक म्हटले तर आम्ही भाषेचे अध्यापक म्हणून हरकत घेणार नाही.